अर्पणपत्रिका वाचताना: एका हाताचे दोन वादक

एखाद्या रचनेवर ‘अमुक अपंग कलावंतासाठी’ असं लिहिलेलं दिसलं, की आपण मैत्री आणि सहानुभूतीवर पानभर लिहून मोकळे होतो. संशोधकाने इथे जरा थांबायला हवं. का, ते एका उदाहरणाने बघू.

पाउल विट्गेनश्टाइन (१८८७–१९६१) हा व्हिएन्नाचा पियानोवादक, तत्त्वज्ञ लुडविगचा थोरला भाऊ. १९१४ मध्ये युद्धात जखमी झाला आणि उजवा हात कापावा लागला. रशियन कैदेत असताना लाकडी खोक्यावर कोळशाने पट्ट्या आखून तो डाव्या हाताचा सराव करायचा. त्याच्यासाठी अगदी सुरुवातीलाच रचना केली ती त्याचे गुरू योझेफ लाबोर यांनी. ते स्वतः लहानपणापासून अंध होते. इथपर्यंत गोष्ट मैत्रीची आहे.

पुढे मात्र व्यवहार येतो. घर गडगंज श्रीमंत. त्यामुळे हिंडेमिट, राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन अशा मोठ्या रचनाकारांकडून त्याने ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या रचना पैसे मोजून करून घेतल्या. राव्हेलची रचना १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजवली तीही स्वतः बदल करून, आणि राव्हेल भडकला. हिंडेमिट आणि प्रोकोफिएव्ह यांच्या रचना तर त्याने कधी वाजवल्याच नाहीत. म्हणजे हा कुणाच्या दयेवर जगणारा कलावंत नव्हता, तो आश्रयदाता होता.

खरी कसोटी १९५० मध्ये लागली. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या झीगफ्रीड राप या जर्मन वादकाने त्याच्याकडे या रचना मागितल्या. विट्गेनश्टाइनने नकार दिला. पैसे मी दिलेत, तेव्हा मी वाजवतोय तोवर त्या माझ्याच, असा त्याचा मुद्दा. रापने प्रोकोफिएव्हची रचना अखेर १९५६ मध्ये बर्लिनला वाजवली. हिंडेमिटच्या १९२३ च्या रचनेची प्रत थेट २००२ मध्ये, विट्गेनश्टाइनच्या पत्नीच्या मृत्यूनंतर सापडली. २००४ मध्ये ती प्रथम वाजवली लिऑन फ्लायशरने, ज्याचा स्वतःचा उजवा हात कित्येक वर्षं नीट चालत नव्हता.

तर अर्पणपत्रिका समोर आली की तीन प्रश्न विचारा: पैसे कुणी दिले? वाजवायचा हक्क कुणाकडे होता? आणि त्यामुळे कोण बाहेर राहिलं? ‘अपंग कलावंत’ हा एकच गट धरून चाललात तर तिसरा प्रश्न सुचणारच नाही. विट्गेनश्टाइन आणि राप यांचं अपंगत्व सारखंच होतं, हितसंबंध मात्र एकमेकांच्या विरुद्ध.