वारणेकाठचा संगणक

१९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रं उभी राहू लागली. खर्चात केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्याचा ४० आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाचा १० टक्के.

बेत मोठा होता: बाजारभाव, शेतीसल्ला, दाखले, सारं गावातच. शेतकरी मात्र केंद्राची पायरी चढायचा तो उसासाठी. लागणीची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन, बिल. समूहाच्या साखर कारखान्याचे हेलपाटे वाचले. बाकीच्या सेवा मागे पडल्या.

२००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणून पाहिला. तीच माहिती एसएमएसवर येऊ लागली, तीही कमी खर्चात. वीज गेली तरी उसाचं काम अडेना.