चल व स्थिरांक, पदावली-मूल्यमापकातील

मजकूररूपातील गणिती पदावलीचे मूल्य काढणाऱ्या लायब्ररीत बदलत्या मूल्याच्या नावास चल व ठरावीक मूल्याच्या नावास स्थिरांक म्हणतात. ज्ञात व अज्ञात राशींसाठी अक्षरे वापरण्याची पद्धत फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये मांडली (पहा : बीजगणित), तर १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत गणिती सूत्रांशी मिळतीजुळती पदावली संगणकासाठी लिहिता येऊ लागली.

सी++ भाषेतील म्यूपार्सर या लायब्ररीत चलाच्या नावाशी स्मृतीतील पत्ता जोडला जातो, तर स्थिरांकाचे प्रत्यक्ष मूल्यच नोंदवले जाते (पहा : चिन्हसारणी). त्यामुळे वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र एकदा वाचून झाले, की ‘पाय’ तोच ठेवून केवळ त्रिज्येचे मूल्य बदलत ते पुनःपुन्हा सोडवता येते. ‘२ × पाय’सारखा केवळ स्थिरांकांचा भाग आधीच गणून ठेवता येत असल्याने मूल्यमापनाचा वेळही वाचतो (पहा : संकलक).