खाडी आडवी येते की घेऊन जाते? भाड्याच्या गाडीतून रत्नागिरीची जुनी बंदरं

पीएचडीचा विषय सांगितला की अकोल्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "तुले समुद्र कायले पाह्यजे रे बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे खारं पाणी आहे, पण ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं. माझा विषय घाट, पेठा आणि बंदरं यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांचा आहे, आणि त्याची सुरुवात मात्र वऱ्हाडातूनच होते. रेल्वे येण्याआधी अमरावतीकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. अंतर पाचशे मैलांच्या वर. तिथून पुढे नावेने कलकत्ता. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस या वाटेने धाडला, असं गॅझेटियर सांगतं, तेही 'असं म्हणतात' या सुरात. आकडा ताणलेला असेल. पण वाट खरी होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि आमच्या कापसाचं तोंड मुंबईकडे वळलं. त्याआधी काही काळ तरी वऱ्हाडचं बंदर गंगेवर होतं, समुद्रापासून शेकडो मैल आत.

यातून बंदराची एक कामचलाऊ व्याख्या मिळते: बैलावरचा माल जिथे नावेत चढतो ती जागा. त्यात समुद्र दिसलाच पाहिजे असं नाही. ही व्याख्या खिशात घालून कोकणात गेलात तर तिथली गावं वेगळीच दिसायला लागतात. आजचा लेख त्याबद्दल, आणि त्याहून जास्त एका साध्या गोष्टीबद्दल आहे: फील्डवर्कला आपण ज्या वाहनाने फिरतो ते वाहन आपल्याला काय दाखवतं आणि काय लपवतं.

आधी व्यवहाराचं बोलू. अकोल्याहून रेल्वेने पनवेल, तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरी, आणि रत्नागिरीत चार दिवसांसाठी स्वतः चालवायची भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असते ती. दोघांत खर्च वाटला तर विद्यार्थ्याला परवडतं. एसटीने हेच गाव-गाव करायला दुप्पट दिवस लागतील, कारण खाडीकाठच्या गावांना गाड्या मोजक्याच. करारात गाडी फेरीबोटीवर चढवायला परवानगी आहे का, ते कलम वाचून घ्या. कोकणात ते लागतंच.

आता रत्नागिरी शहर. मुक्कामाला उत्तम. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, १८५६ चा. रत्नदुर्ग, मिरकरवाडा बंदर, पतितपावन मंदिर ही सगळी ठिकाणं एका दिवसात होतात. थिबा पॅलेसही बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत केलं, १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं; राजवाडा १९१० चा, आणि राजा १९१६ मध्ये इथेच वारला. नजरकैदेसाठी हे गाव सोयीचं होतं: तेव्हा जमिनीने आडबाजूला, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पण एक लक्षात ठेवा. सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती राजापूरला, रत्नागिरीला नाही. आज जिल्ह्याचं ठाणं जिथे आहे तिथेच जुना व्यापार असेल, असं धरून चालणाऱ्या सिनॉप्सिस बऱ्याच वाचायला मिळतात. ठाणं हे नंतरच्या राज्यकर्त्यांच्या सोयीचं असतं.

गाडी रत्नागिरीतून बाहेर काढली की दोन रस्ते समोर येतात. एक किनाऱ्याचा: उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड. दुसरा मुंबई-गोवा महामार्ग, समुद्रापासून बराच आत, ज्यावर चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावं ओळीने येतात. पर्यटक किनाऱ्याच्या रस्त्याने किल्ले बघतो. महामार्गावरची गावं त्याच्यासाठी चहाचे थांबे. माझं म्हणणं असं की इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही विभागणी स्वीकारली तर त्याच्या हातातून विषयच निसटतो.

कारण नकाशा आडवा न वाचता उभा वाचून बघा, म्हणजे नदीच्या धारेने. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि अंजनवेल, वर चिपळूण, त्याच्यावर कुंभार्ली घाट. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड, वर संगमेश्वर, पुढे आंबा घाट. जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी यशवंतगड, आत राजापूर, पलीकडे अणुस्कुरा. वाघोटनच्या खाडीवर विजयदुर्ग, आत खारेपाटण, वर गगनबावडा-फोंड्याकडचे घाट. खाली किल्ला, वर पेठ, मागे घाट. ही एकेक जोडगोळी आहे. किल्ला खाडीच्या तोंडावर पहारा करतो तो या आतल्या पेठेसाठी. भरती जिथवर गलबताला आत नेते आणि घाटावरचे बैल जिथवर खाली उतरतात, त्या गाठीवर पेठ बसते.

आणि महामार्ग नेमका याच पेठांवरून का जातो? खाडी तोंडाशी रुंद असते, आत अरुंद होते. जुन्या काळी पूल बांधणं आतच शक्य होतं. म्हणजे ज्या जागी नावेचा प्रवास संपायचा, तिथेच रस्त्याला नदी ओलांडता आली. रस्त्याने पेठा जोडल्या, पण प्रत्येक पेठ आपल्या मुखापासून तोडली. जयगड आणि संगमेश्वर आज दोन वेगळ्या रस्त्यांवर, दोन वेगळ्या दिवशी बघायची ठिकाणं झाली आहेत.

गाडीची फसगत इथे आहे. गाडीवाल्याला खाडी म्हणजे अडथळा. दाभोळहून समोरचं धोपावे डोळ्यांना दिसतं. फेरीबोटीने गाडीसकट थोड्या मिनिटांत पलीकडे, आणि रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा. जयगडहून तवसाळचंही तसंच. आपण मनात म्हणतो, किती दुर्गम प्रदेश! पण ज्याच्याकडे मचवा होता त्याच्यासाठी खाडी हाच हमरस्ता होता, आणि दुर्गम होती ती मधली डोंगराची धार. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज आरमाराने दाभोळ जाळलं, ते कोपऱ्यातलं गाव म्हणून नव्हे. त्यात आपण पडलो वऱ्हाडी. आमच्या मोर्णेत की पूर्णेत माल वाहणारी गलबतं कधी चालली नाहीत. नदी म्हणजे ओलांडायची गोष्ट, हे आमच्या हाडात. गाडी आणि गाव, दोन्ही एकच चूक शिकवतात.

संगमेश्वर हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. इथे लोक येतात ते फेब्रुवारी १६८९ मधल्या संभाजी महाराजांच्या अटकेची जागा बघायला, आणि कर्णेश्वराचं देऊळ बघायला. समुद्राचा वासही नाही. पण पोर्तुगीज कागदपत्रांत एका लहान, चपळ लढाऊ होडीचं नाव येतं, सांग्विसेल. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशाने ते नाव संगमेश्वराशी जोडलं आहे. म्हणजे महामार्गावरच्या या गावाच्या नावाने होडीचा एक प्रकार ओळखला जात होता. हे वाचून गावात गेलं की 'कसबा संगमेश्वर' मधल्या कसब्याकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. जयगडहून इथवर यायला महामार्ग टाळा, फुणगूसकडून खाडीच्या कडेकडेने या. वेळ जास्त लागतो, वळणं पोट ढवळून काढतात, पण पाणी सोबत राहतं.

मग खारेपाटण. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट इथे सापडला. तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी; 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कोरीव लेख वाचणारे म्हणून फारसं नाही. त्यांचं पोंभुर्ले गावही याच टापूतलं. ताम्रपटात अव्वेश्वराच्या देवळाला उत्पन्न लावून दिलं आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनं, कंदलमूलीयहून येणाऱ्या गलबतामागे एक धरण, आणि चेमूल्य व चंद्रपूर इथल्या गलबतांना त्यातून सूट. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. महामार्गावर उभं राहून, ट्रकचे हॉर्न ऐकत, गलबतांवरच्या कराचा विचार करणं अवघड जातं. पण जावं.

इथे नव्या संशोधकांसाठी एक सावधगिरी. ताम्रपट ही हलणारी वस्तू आहे. तो सापडला ती जागा आणि त्यात सांगितलेली बंदराची जागा एकच, असं आपोआप ठरत नाही. रट्टराजाची राजधानी बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि खाडीचं भूगोल त्या मताला बळ देतो. बळ देणं आणि सिद्ध करणं यांत फरक आहे, तो प्रबंधात शब्दांनीच दाखवावा लागतो. दुसरी अडचण दफ्तराची. १८८० चं रत्नागिरी गॅझेटियर आजच्या सिंधुदुर्गालाही धरून आहे; १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला. आता राजापूर रत्नागिरीत, खारेपाटण आणि विजयदुर्ग सिंधुदुर्गात. जिल्हा घेऊन विषय आखलात तर एक आख्खी खाडी दोन जिल्ह्यांत फाटते. शक्य असेल तर खाडी घेऊन विषय आखा.

राजापूर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे ही कहाणी अजून संपलेली नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनला कैद केलं. हे शाळेतही शिकवतात. कमी सांगितलं जातं ते पुढचं: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरबी गलबतं थेट व्यापाराला यायची असं हे बंदर, पण तोवर मोठ्या गलबताला जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबावं लागायचं. खाडी गाळाने भरत आली होती. आज दर पावसाळ्यात राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरल्याची बातमी येते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. या पेठा पाण्याला चिकटून बसवल्या आहेत, कारण पाणी हेच त्यांचं भांडवल होतं. गलबतं गेली, गाळ राहिला, पेठ जागची हलली नाही. पुराची कारणं अनेक आहेत, आणि ती सांगायला जलतज्ज्ञ आहेत. पण 'लोकांनी नदीत घरं बांधली' असं टीव्हीवर कोणी बोलतं तेव्हा इतिहासवाल्याने विचारायला हवं, कधी बांधली आणि तेव्हा ती नदी काय होती?

हे विचारायला माणसं अजून आहेत, फार दिवस असतील असं नाही. खाडीकाठच्या एका गावात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा भेटले. मी विचारलं, इथून राजापूर किती लांब? ते म्हणाले, "कुठल्या तिथीला?" कोकणात भरतीचा ठोकताळा असा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीबरोबर पडाव आत जायचा, ओहोटीबरोबर बाहेर. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच, ते पंचांगात होतं. आणि पावसाळा लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडचं तोंड बंद, म्हणजे तेवढे महिने अंतर मोजण्याचा प्रश्नच नाही. प्रबंधात बंदरांमधल्या अंतराचा तक्ता टाकणार असाल तर त्यात कुठला महिना आणि कुठली तिथी धरली आहे, हेही सांगावं लागेल.

त्यामुळे वहीत नोंद करताना गाडीच्या मीटरच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची तिथी लिहा, पाणी चढतंय की उतरतंय ते लिहा. एकच धक्का भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा बघा. ओहोटीला चिखलात दगडी पायऱ्या उघड्या पडतात, त्या भरतीच्या फोटोत येत नाहीत. आणि म्हाताऱ्या माणसांना "बंदर कुठे होतं?" असं विचारू नका, ते तुम्हाला किल्ल्याकडे पाठवतील. "माल कुठे उतरायचा? तो घाटावर कोण न्यायचं?" असं विचारा. मग हात वेगळ्या दिशेला जातो, बहुतेक वेळा एखाद्या बंद गोदामाकडे, नाहीतर नारळाच्या बागेतल्या चढत्या पायवाटेकडे. तिथे गाडी जात नाही.