विद्वत्सभेची वाटखर्ची

पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा म्हणजे निव्वळ दानधर्म, असा समज आपल्या जुन्या घराण्यांतही रूढ आहे. तो अर्धाच खरा. तळेगावच्या दाभाड्यांनी आरंभिलेली व पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविलेली ही प्रथा दूरदूरच्या शास्त्र्यांना एका सभेत आणीत असे. तेथे विद्येची परीक्षा होई व संभावना मिळे. ती एकाच वर्णापुरती होती, हा तिचा मोठा दोष. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने तिची रक्कम वर्षास पन्नास हजारांवर आणली. पुढे तिच्यातूनच मराठी ग्रंथांची पारितोषिके व महाविद्यालयांतील फेलोशिप निघाल्या.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशाच दक्षिणा फेलोंपैकी. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेस नाशिकच्या शिलालेखांवरील त्यांचा निबंध गेला. ते स्वतः जाऊ शकले नाहीत. १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेस मात्र सरकारने त्यांना पाठविले. निबंध टपालानेही पोहोचतो. आक्षेपास उत्तर द्यावयास कर्ताच समोर असावा लागतो.

भांडारकर तेव्हा नामांकित प्राध्यापक होते. खरी निकड असते ती विद्यार्थ्यास. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तो सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे तिची मुदत सरली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा निघाले, ते सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर. मधली तीन वर्षे कोणत्या हिशेबात धरावीत?

आज विषय पालटले आहेत. २०१० साली लिस्बन येथे संगणकीय सर्जनशीलतेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यंत्राने काव्य रचले, चाल बांधली, तर त्यास सर्जन म्हणावे काय, हा तिचा प्रश्न. पुढे ती मेक्सिको सिटी, डब्लिन, सिडनी अशी फिरत राहिली. २०२५ साली ती ब्राझीलमध्ये झाली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले अपुरे संशोधन ज्येष्ठांपुढे मांडून दुरुस्त करून घ्यावे, याला अशा ठिकाणी विशेष मोल असते.

आता समजा, देडतलाईच्या एखाद्या मुलीने यंत्रास ओवीचा छंद कसा शिकवावा यावर निबंध लिहिला व तो स्वीकारला गेला. तिचा प्रवास धारणी रस्त्यावरील या गावातून बऱ्हाणपूर, तेथून रेल्वेने मुंबई, आणि मग विमान. सरकारी प्रवास-साहाय्य आहे, नाही असे नाही. परंतु अशी रक्कम पुष्कळदा परतल्यावर, पावत्या सादर केल्यावर हाती पडते. तिकीट, नोंदणी, व्हिसा यांचा पैसा आधी उभा करावा लागतो. तेवढ्या दोन-चार महिन्यांपुरती उसनवार रक्कम एखाद्या साहित्य मंडळाच्या आवाक्याबाहेरची नाही. पुण्याची दक्षिणा निदान हातावर मिळत असे.