तीन रिळांतील महायुद्ध

पहिल्या महायुद्धावरील विनोदी चित्रांची गोष्ट निघाली, कीं चॅप्लिनच्या ‘शोल्डर आर्म्स्’ या मूकपटास अग्रपूजेचा मान देण्याचा प्रघात आहे. १९१८ च्या ऑक्टोबरच्या २० तारखेस तें प्रदर्शित झालें आणि २२ दिवसांनीं, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबलें. तोफा धडधडत असतांना खंदकांतील शिपायाकडे पाहून लोकांना हंसावयास लावणें हें साधें धाडस नव्हे. परंतु जें चित्र चॅप्लिनला काढावयाचें होतें, तें हें नव्हे.

मूळ बेत पांच रिळांचा होता. आरंभीं नायकाचा संसार, मध्यें रणभूमि आणि शेवटीं मेजवानी. कैसरला पकडून आणणाऱ्या या फाटक्या शिपायाच्या सन्मानार्थ युरोपांतील सारी मुकुटधारी मंडळी जमलेली! पैकीं आरंभाचा भाग चित्रित होऊन टाकला गेला. मेजवानी कॅमेऱ्यापुढें कधीं आलीच नाहीं. उरला तो मधला, तीन रिळांचा तुकडा. तोहि चॅप्लिनला इतका निकस वाटला, कीं तो फेंकूनच द्यावयाचा होता. डग्लस फेअरबँक्स तो पाहून डोळ्यांत पाणी येईतों हंसला, तेव्हां कुठें तो वांचला.

निकस तर तो खासच नव्हता. भुयारांत पाणी भरलें आहे आणि शिपाई त्या पाण्यांतच झोपले आहेत. नायक ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून बुडाल्या बिछान्यांतून श्वास घेतो. टपाल वांटलें जातें, त्याला मात्र पत्र नाहीं. मग तो दुसऱ्या एका शिपायाच्या खांद्यावरून त्याचें पत्र वाचूं लागतो, आणि परक्या घरच्या त्या मजकुराबरोबर याचा चेहरा कधीं खुलतो, कधीं चिंतेनें काळवंडतो. एक शब्द न उच्चारतां शिपायाचें एकटेपण इतक्या थोडक्यांत सांगितलेलें माझ्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

येथवर चित्र जें वचन देतें, तें पुढें पाळीत नाहीं. झाडाच्या खोडाचें सोंग घेऊन शत्रूच्या हद्दींत शिरणारा चॅप्लिन मूकाभिनयाचा नमुना आहे हें कबूल. पण पाणी, उवा, भूक हें सारें तेथें मागें पडतें आणि आपण एका शूर बाळाच्या परीकथेंत येतों. त्याचा भाऊ सिड्नी हा कैसर होतो, पकडला जातो, आणि लगेच दोन सोबती नायकाला तंबूंत गदगदा हलवून जागें करतात. तो अद्याप शिक्षणाच्या छावणींतच आहे! कैसर स्वप्नांतला, हें ठीक. पण मग तें पाण्यानें भरलेलें भुयार आणि तें न आलेलें पत्र, तींहि स्वप्नांतलींच ठरतात. जागें होणें मूळ बेतांतहि होतें, पण तेथें तें राजांच्या पंगतींतून व्हावयाचें होतें. विरघळून जावयाचा होता तो राजांनीं केलेला सत्कार.

कापाकापीनें चित्राला आटोपशीरपणा आला असें कोणी म्हणेल. आला खरा, पण घर गेलें आणि राजेहि गेले. काळहि अवघड होता. चॅप्लिन सैन्यांत गेला नाहीं म्हणून लोक त्याला भित्रेपणाचीं पांढरीं पिसें पाठवीत. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें तो मेरी पिकफर्ड आणि फेअरबँक्स यांच्यासह युद्धकर्जाचे रोखे खपवीत अमेरिकेंत फिरला होता. अशा माणसानें दोस्तांच्या राजांना भर मेजावर हास्यास्पद करावें ही अपेक्षा थोडी जादाच! (झार तर १९१७ मध्येंच गादीवरून उतरला होता.) खऱ्या कैसरला मात्र कोणीहि पकडलें नाहीं. १० नोव्हेंबरला तो हॉलंडांत शिरला आणि १९४१ पर्यंत डोर्न येथें राहिला.

तो तेथें असतांनाच, १९४० मध्यें, ‘द ग्रेट डिक्टेटर’ आलें. त्याचा आरंभ १९१८ च्या रणभूमीवरच होतो. जणू चॅप्लिननें जेथें सोडलें तेथूनच उचललें. या वेळीं शिपाई खरोखर घरीं परततो, आपल्या न्हाव्याच्या दुकानांत. आणि बावीस वर्षें राहिलेली मेजवानीहि अखेर मांडली जाते. पंगतीला राजे नाहींत, दोन हुकूमशहा आहेत. हिंकेल आणि नापालोनी जेवणाच्या मेजाशीं भांडत उभे आहेत, आणि जहाल मोहरीनें दोघांचींहि तोंडें भाजून निघालीं आहेत.