तांबेरा, गव्हावरील (सातारा–सांगली)

पुक्सिनिया वंशातील कवकांमुळे होणारा गव्हाचा रोग. काळा, नारिंगी व पिवळा असे त्याचे तीन प्रकार असून कोणता कुठे टिकेल हे बहुतांशी हिवाळाच ठरवतो. पिवळ्याला साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसची थंडी मानवते. म्हणून तो पंजाब-हिमाचलात उपद्रवी, तर कृष्णाकाठच्या उबदार हिवाळ्यात त्याचा जम बसत नाही. काळा व नारिंगी यांना मात्र येथील हवामान पोषक ठरते.

उन्हाळ्यात शेतात हिरवा गहू नसल्याने मैदानी भागात कवक तगत नाही. निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत ते वर्षभर जगते व तेथून बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर उत्तरेकडे येतात, हे के. सी. मेहता यांच्या संशोधनातून पुढे आले. भारतात बार्बेरीच्या झुडपावरील लैंगिक अवस्थेला रोगचक्रात महत्त्व नाही. नवे प्रभेद मुख्यतः उत्परिवर्तनातून निपजतात आणि पेरलेले वाण त्यांतले काही निवडतात. एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गहू गेरवा (तांबेरा) संशोधन केंद्रात, वाणांची रोगप्रतिकारकता तपासतात. गंमत अशी, की सांगली-साताऱ्याच्या खिरीतला खपली गहू जगभरच्या तांबेरा-अभ्यासकांनाही ठाऊक आहे : काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी वापरलेल्या १२ गव्हांच्या संचात ‘खपली’ होता. एसआर१३ व एसआर१४ ही प्रतिकारक जनुकेही त्यातूनच मिळाली.