औंधची सैरंध्री

सातारा जिल्ह्यात औंधला, यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. येणारा पाहुणा बहुधा हेन्री मूरचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प कुठे आहे, ते विचारतो. मी मात्र दर खेपेस राजा रविवर्मा यांच्या ‘सैरंध्री’ या तैलचित्रापाशी रेंगाळतो.

कथा विराटपर्वातली. अज्ञातवासात द्रौपदी राणी सुदेष्णेची दासी झालेली. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागलेला. मद्य आणण्याच्या निमित्ताने राणीच तिला त्याच्या घरी धाडते. खरी ओळख सांगावी तर पांडवांना पुन्हा बारा वर्षे वनवास. गप्प राहावे तर अब्रूवर घाला. औंधच्या चित्रात कीचक नाही, दरबार नाही. विचारात बुडालेली ती एकटी आहे.

असे चित्र आपल्याकडे नवे होते. याच जिल्ह्यात मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे पाहावीत. तिथे चेहरे बहुधा एकचष्म. गोष्ट सांगतात ते हात आणि अंगविक्षेप. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे छटेत छटा मिसळत नेता येते. कृती न दाखवता मनातली घालमेल चेहऱ्यावर उमटवण्याची सोय या माध्यमाने करून दिली.

हीच सैरंध्री रंगभूमीवर आणली सांगलीच्या माणसाने. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, तिथेच १८७२ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रीत हिंदुस्थान, भीमात जहाल आणि धर्मराजात मवाळ. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

या बंदीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. पण त्या रूपकाची एक किंमतही होती, असे मला वाटते. सैरंध्री देश झाली आणि बाई म्हणून मागे पडली. तिची भूमिकाही तेव्हा पुरुष नटच करी. प्रश्न उरला तो एवढाच, की भीम केव्हा उठणार? मूळ कथेत मात्र रात्री पाकशाळेत जाऊन भीमाला उठवते ती द्रौपदीच. बळ भीमाचे, निर्णय तिचा. त्या निर्णयाआधीचा तिचा एकटेपणा नाटकाच्या गजरात हरवला, औंधच्या चित्रात तो टिकून आहे.

इंग्रजांच्या मांडलिक असलेल्या एका राजाने, जो स्वतः चित्रकार होता, ही विचारमग्न बाई महालात न ठेवता देवीच्या डोंगरावर सर्वांसाठी ठेवली. औंधला जाल तेव्हा मूरच्या शिल्पाआधी थोडा वेळ तिच्यापाशी थांबा.